काठी सरळच होती, ताई

आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"माझी मुलगी सातवीत आहे. शाळेतून प्रकल्प मिळाला: काठी उभी करून दर दहा मिनिटांनी सावली मोजायची आणि मध्यान्ह कधी होते ते शोधायचं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तिने आमच्या गच्चीवर प्रयोग केला. सगळ्यांत लहान सावली आली ती पाऊण वाजून गेल्यावर, 12 वाजून 50 मिनिटांनी. बाईंनी वहीत शेरा मारला, 'मध्यान्ह म्हणजे दुपारी 12. काठी तिरकी असावी.' सासरे म्हणतात, रामजन्म बाराला होतो, मग मध्यान्ह दुसरी कधी होणार? पोरगी हिरमुसून बसली आहे. त्यात 'दुपार' या शब्दावरून घरात आधीच एक रामायण झालंय. सासूबाईंनी हळदीकुंकवाला 'दुपारी या' असा निरोप दिला, तर वरच्या मजल्यावरच्या नव्या सूनबाई साडेबारालाच दारात आल्या आणि आम्ही सगळे पानावर! चूक कोणाची? जाता जाता, मोठ्या मुलाच्या परीक्षेच्या फॉर्मची मुदत '28 फेब्रुवारी, 12:00 एएम' अशी आहे. हे नक्की कधी? – गच्चीवरची आई, पुणे"

ताई,

आधी पोरीला सांगा की तिचं उत्तर बरोबर आहे. त्या आठवड्यात पुण्यात सूर्य दिवसातल्या सगळ्यांत उंच जागी पोचतो तो साधारण 12 वाजून 49 मिनिटांनी. दर दहा मिनिटांनी मोजणाऱ्या मुलीला याहून जवळचं उत्तर मिळणं शक्यच नव्हतं. काठी सरळ होती, मुलगी सरळ होती. गडबड आहे ती भिंतीवरच्या घड्याळाची, आणि तीही बिचाऱ्याची चूक म्हणून नव्हे. ते घड्याळ पुण्याचं नाहीच.

आपली भारतीय प्रमाणवेळ ही साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची वेळ आहे. ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरच्या जवळून जाते. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात आणि पुणे आहे 73.9 अंशांच्या आसपास, म्हणजे त्या रेषेच्या साडेआठ अंशांहून थोडं जास्त पश्चिमेला. चारने गुणा, 34-35 मिनिटं येतात. मिर्झापूरकडे सूर्य मध्यावर आला की त्यानंतर एवढ्या वेळाने तो आपल्याकडे मध्यावर येणार. वर्षभराची सरासरी काढली तर पुण्याची मध्यान्ह 12 वाजून 35 मिनिटांची आहे, मुंबईची 12:39 ची, कोल्हापूरची 12:33 ची आणि नागपूरची 12:14 ची. एकाच महाराष्ट्रात मुंबईची मध्यान्ह आणि पार पूर्वेकडच्या, गडचिरोलीतल्या सिरोंच्याची मध्यान्ह यांत जवळजवळ अर्ध्या तासाचं अंतर पडतं. तिकडे आसामात दिब्रुगडला सरासरी मध्यान्ह अकरा वाजून दहा मिनिटांनीच होते. म्हणून तर तिथल्या चहाच्या मळ्यांत 'बागान टाइम' नावाची एक तास पुढची वेळ पाळतात. आपल्याकडे आठवड्यातून दोनदा 'बारा वाजले तरी स्वयंपाक झाला नाही' म्हणून बोलणी खाणाऱ्या बायकांनी हा हिशेब पाठ करून ठेवायला हरकत नाही. सूर्याच्या हिशेबाने तेव्हा साडेअकराही झालेले नसतात.

आता तुम्ही म्हणाल, 35 मिनिटं कळली, पण पोरीला तर 50 मिळाली. वरची 14-15 मिनिटं कुठून आली? तिच्या प्रयोगातली सगळ्यांत गोड गोष्ट हीच आहे, आणि 'काठी तिरकी' या शेऱ्याखाली नेमकी तीच दडपली गेली.

सूर्य रोज बरोबर चोवीस तासांनी मध्यावर येत नाही. कधी काही सेकंद आधी येतो, कधी काही सेकंद नंतर. याची कारणं दोन. पृथ्वीची कक्षा पुरती गोल नाही. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याला सगळ्यांत जवळ असते आणि तेव्हा ती जोरात पळते. दुसरं, पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. ही सेकंदं साठत साठत जातात. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य घड्याळाच्या 14 मिनिटं मागे पडतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला उलट 16 मिनिटं पुढे असतो. म्हणजे तुमच्या मुलीने नेमका असा आठवडा निवडला, की जेव्हा सूर्याची दिरंगाई वर्षातली सगळ्यांत जास्त असते! हाच प्रयोग तिने नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात केला तर त्याच गच्चीवर, त्याच काठीची सगळ्यांत लहान सावली 12 वाजून 18 मिनिटांच्या सुमारास मिळेल. नागपूरच्या एखाद्या भाचीला तेव्हा करायला सांगा. तिची मध्यान्ह बारा वाजायच्या आधीच, 11:57 ला उरकलेली असेल. बाईंच्या शेऱ्याप्रमाणे मग तिचीही काठी तिरकीच, फक्त उलट्या बाजूला.

याचा एक परिणाम तुम्ही दरवर्षी बघता. संक्रांतीला आपण म्हणतो की दिवस तिळातिळाने वाढायला लागला, पण सकाळी मुलांना शाळेला उठवताना अंधार काही कमी झालेला दिसत नाही. दिवस 21-22 डिसेंबरनंतर मोठा होऊ लागतो हे खरं, पण त्या दिवसांत मध्यान्हच रोज थोडी थोडी पुढे सरकत असते. त्यामुळे वाढलेला सगळा वेळ संध्याकाळच्या खात्यात जमा होतो आणि सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जातो. रिक्षावाल्या काकांची वाट बघत काळोखात कुडकुडणाऱ्या आयांचा अनुभव खगोलशास्त्राशी तंतोतंत जुळतो.

आता सासरे. त्यांच्याशी काठी आणि कोनमापक घेऊन वाद घालू नका, हरलात तरी पंचाईत आणि जिंकलात तरी पंचाईत. त्यांच्याच हाताने पंचांग उघडवा. रामनवमीच्या पानावर पुण्याची मध्यान्हाची वेळ बघायला सांगा. रामनवमी मार्चअखेर ते एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीतरी येते आणि त्या दिवसांत पुण्याची मध्यान्ह साधारण 12:33 ते 12:41 च्या दरम्यान असते. पंचांगात त्याच घरातला आकडा मिळेल. देवळात बाराला पाळणा हलतो तो गर्दीच्या, कीर्तनाच्या आणि प्रसादाच्या सोयीने. ती पद्धत चांगली आहे, मोडायचं काही कारण नाही. पण जुन्या गणिताने दिवसाचे पंधरा मुहूर्त धरले तर मधला, म्हणजे आठवा, अभिजित. त्याचा मध्य म्हणजे सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्या बरोबर मधला क्षण. त्या गणितात बारा हा आकडा कुठेच नाही. गणेश चतुर्थीलाही मध्यान्हाला चतुर्थी असलेला दिवस धरतात, आणि तिथे मध्यान्ह हा क्षणसुद्धा नसतो. दिवसाचे पाच भाग पाडायचे: प्रातःकाल, संगव, मध्यान्ह, अपराह्ण, सायाह्न. त्यातला तिसरा भाग. चांगला सव्वादोन-अडीच तासांचा पट्टा असतो तो. सासरे श्राद्धाला कुतुप काळ (तोही दिवसाचा आठवा मुहूर्तच) बघत असतील तर त्यांना हे सगळं माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. नातीच्या काठीशी त्याचा संबंध जोडून बघितला नाही, एवढंच.

आणि त्यांचं बालपण मुंबईत गेलं असेल तर आणखी एक गोष्ट विचारा. 1 जानेवारी 1906 पासून ही साडेपाच तासांची प्रमाणवेळ देशाला लागू झाली, पण मुंबईने ती सरळपणे घेतली नाही. मुंबईची स्वतःची वेळ होती, प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे, आणि महापालिकेने ती स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं धरून ठेवली. रेल्वेचं घड्याळ वेगळं, महापालिकेचं वेगळं, आणि भेट ठरवताना 'स्टँडर्ड की बॉम्बे?' असं विचारावं लागे. त्या मुंबई वेळेचे बारा म्हणजे आजचे 12:39. त्या घड्याळाखाली उभं राहून तुमच्या मुलीने प्रयोग केला असता तर सरासरीने बाराच्या आसपास उत्तर आलं असतं आणि बाईंनी वहीत 'छान' लिहिलं असतं. दुसऱ्या महायुद्धात तर 1942 ते 1945 या काळात देशाची घड्याळं आणखी एक तास पुढे नेली होती. तेव्हा मुंबईची मध्यान्ह दीड वाजून गेल्यावर होत होती. सूर्य तोच, मुंबई तीच.

मशिदींच्या नमाजाच्या वेळापत्रकातही हे रोज दिसतं. जुहरची, म्हणजे दुपारच्या नमाजाची, वेळ सूर्य मध्यावरून ढळला की सुरू होते, म्हणून मुंबईच्या तक्त्यात ती बाराला नसते. नोव्हेंबरात साडेबाराच्या अलीकडे आणि फेब्रुवारीत पाऊण वाजल्यानंतर असते. पोरीला शेजारच्या मैत्रिणीकडून असा तक्ता मिळाला तर वहीला जोडायला सांगा. पंचांगाचं पान आणि नमाजाचा तक्ता एकमेकांना दुजोरा देतात, असा प्रकल्प वर्गात दुसरा कोणाचा नसेल.

बाईंचं काय करायचं, हा नाजूक भाग. पालकांच्या ग्रुपवर काही लिहू नका. मुलीला सोबत घेऊन जाऊन भांडूही नका. बाईंनी पुस्तकातलं वाक्य प्रमाण मानलं, चाळीस वह्या तपासताना कोणीही तेच करतं. मुलीलाच पुन्हा प्रयोग करू द्या, जरा सुधारून. तिच्या पद्धतीत एक अडचण होती खरी: मध्यान्हाच्या आसपास सावलीची लांबी फार हळू बदलते. मीटरभर काठीची त्या आठवड्यातली सगळ्यांत लहान सावली साधारण 64 सेंटिमीटर असते, आणि दहा मिनिटं अलीकडे-पलीकडे तिच्यात दोन-तीन मिलिमीटरांचाच फरक पडतो. खडूची रेघच तेवढी जाड असते.

त्यापेक्षा आपल्या जुन्या ज्योतिष्यांची शंकूची, म्हणजे उभ्या काठीचीच, रीत वापरा. गवंड्याकडचा ओळंबा मागून आणा आणि काठी खरोखर उभी आहे ना ते दोन बाजूंनी बघा. (ओळंबा नसेल तर दोऱ्याला कुलूप बांधलं तरी चालतं.) काठीच्या बुडाशी केंद्र धरून दोरीने एक मोठं वर्तुळ आखा, सकाळी अकरा-साडेअकराची सावली जिथपर्यंत पोचते तेवढं. सावलीचं टोक वर्तुळाला आतल्या बाजूला जाताना टेकलं की वेळ लिहायची आणि खूण करायची. मग निवांत जेवून घ्यायचं. दुपारी टोक पुन्हा बाहेर येताना वर्तुळाला टेकेल, तेव्हा परत वेळ आणि खूण. दोन वेळांचा मध्य म्हणजे मध्यान्ह. समजा पहिली वेळ 11:30 आली आणि दुसरी 2:08, तर मध्य 12:49. सकाळ-दुपारी सावली भराभर हलत असते, त्यामुळे टोक वर्तुळाला केव्हा टेकलं ते नेमकं कळतं. वर दोन खुणांच्या बरोबर मध्यातून काठीकडे रेघ ओढली की खरी उत्तर-दक्षिण मिळते, होकायंत्र न लावता.

गच्चीवर जायचा कंटाळा असेल तर त्या दिवशीच्या पेपरातल्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा घ्या आणि अर्ध करा. सूर्योदय 7:04, सूर्यास्त संध्याकाळी 6:34, मध्य पुन्हा 12:49. हे गणित सातवीच्या वर्गात फळ्यावर दोन मिनिटांत होतं, आणि बाईंनी ते स्वतःच्या हाताने केलं की शेरा कोणी खोडायला सांगायची वेळ येणार नाही. मे महिन्यात 13-14 तारखेच्या सुमारास पुण्यात शून्य सावली दिवसही येतो. सूर्य खरोखरच डोक्यावर असतो, उभ्या बाटलीची सावली बाटलीच्या बुडाखाली गडप होते. तेव्हा साडेबारालाच गच्चीवर हजर राहा, बाराला गेलात तर अर्धा तास नुसत्या तापाल. जुलैअखेर तो परत येतो, पण पुण्याच्या जुलैत सूर्य दिसणार कुठे!

बारा म्हणजे सगळ्यांत जास्त गरम, असंही मुलीने कुठे लिहिलं असेल तर ते मात्र खोडा. सावली सगळ्यांत लहान असते तेव्हा ऊन सगळ्यांत तिखट असतं, पण जमीन तापून तिने हवा तापवायला वेळ लागतो. पारा चढतो तो तीनच्या आसपास. उन्हाळ्यात सरकारी सूचना 'दुपारी 12 ते 3 बाहेर पडू नका' अशी असते. मला विचाराल तर पश्चिम महाराष्ट्रात ती चारपर्यंत पाळावी.

आता हळदीकुंकू. मला वाटतं, चूक नव्या सूनबाईंची नाही आणि सासूबाईंचीही नाही. सासूबाईंच्या तोंडी 'दुपारी या' याचा अर्थ घड्याळाशी लागतच नाही. ओटा आवरला, भांडी पडली, जरा पाठ टेकली, चहा झाला, मग तोंडावर पाणी मारून साडी बदलली की त्यांची हळदीकुंकवाची दुपार सुरू होते. म्हणजे चारच्या पुढे. त्यांच्या पिढीत हे सांगावं लागत नसे, कारण शेजारच्या सगळ्या घरांतला ओटा एकाच वेळी आवरायचा. बारा ते दोनमध्ये कोणाकडे जायचं ते 'जेवायला या' म्हटलं असेल तरच. सूनबाई नोकरी करणाऱ्या असतील तर त्यांची दुपार म्हणजे ऑफिसातली लंच टाइमची वेळ, ती साडेबाराला सुरू होते. दोन्ही दुपारी खऱ्या आहेत. पुण्यात तर तिसरीही आहे, एक ते चार, दुकानाच्या दारावर पाटी लावलेली. त्या दुपारी कोणी कोणाकडे जायचंच नसतं.

आपण दिवस असाच मोजत आलो आहोत. तांबडं फुटलं, झुंजूमुंजू झालं, दिवस कासराभर वर आला, उन्हं कलली, गुरं परतली, दिवेलागण झाली. यात शेताकडे बघणाऱ्याला मिनिटाची गरजच नव्हती. 'उन्हं कलल्यावर ये' म्हटलं की येणारा बरोबर यायचा, कारण ऊन दोघांनाही दिसत होतं. बंद खिडक्यांच्या फ्लॅटमध्ये आणि एसी ऑफिसात ते दिसत नाही, म्हणून निरोपात आकडा घालावा लागतो. सासूबाईंना एवढंच सुचवा, की पुढच्या वर्षी मेसेज करताना 'दुपारी साडेचार ते सात' असं लिहावं. आणि सूनबाईंना एक दिवस मुद्दाम जेवायलाच बोलवा, साडेबाराला. अवघडल्या असतील बिचाऱ्या.

मात्र आकडा घालताना तुमच्या मुलांना पाऊण आणि सव्वा समजतं ना, ते तपासून बघा. 'पाऊण वाजता ये' म्हणजे 12:45 आणि 'सव्वा वाजता' म्हणजे 1:15. हल्लीची मुलं 'पावणेएक', 'साडेएक' म्हणतात आणि नुसतं 'पाऊण' म्हटलं की 'पाऊण किती?' असं विचारतात. तुम्ही पत्रात 'पाऊण वाजून गेल्यावर' असं सहज लिहिलंत, म्हणजे घरात ते अजून चालू आहे. चालू ठेवा.

राहिला फॉर्म, आणि खरं तर तुमच्या पत्रातली तातडीची गोष्ट एवढीच आहे. एएम म्हणजे मध्यान्हाच्या आधी, पीएम म्हणजे नंतर. बरोबर बाराला दोन्ही लागू पडत नाही, पण जगभर रूढ झालेला संकेत असा, की 12 पीएम म्हणजे दुपारचे बारा आणि 12 एएम म्हणजे रात्रीचे. रात्रीचे बारा म्हणजे तारखेचा शेवट नव्हे, सुरुवात. तेव्हा '28 फेब्रुवारी, 12:00 एएम' म्हणजे 27 आणि 28 च्या मधली रात्र. 28 चा आख्खा दिवस हातात आहे असं समजून बसलात तर खिडकी बंद झालेली असेल. रेल्वेचं तिकीट काढतानाही माणसं इथेच फसतात: 00:10 ची गाडी 'शनिवारी रात्रीची' म्हणून शनिवारच्या तारखेचं तिकीट काढतात आणि शनिवारी रात्री स्टेशनवर पोचतात, तेव्हा त्यांची गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते. अशा वेळी लेकाला दोन्ही तारखा म्हणायची सवय लावा, 'सत्तावीस-अठ्ठावीसची रात्र'. फॉर्म लिहिणाऱ्याच्या मनात कदाचित 28 संपतानाची मध्यरात्रही असेल, पण त्याच्या मनावर कशाला विसंबायचं? 27 ला सकाळीच फॉर्म भरून पावतीची प्रत काढून ठेवा. शेवटच्या रात्री साइट लटकते आणि पैसे कापले गेल्यावर पावती येत नाही, तो मनस्ताप वेगळाच.